बोटभर फट

बिरकत अल-मौझच्या चौकीवर पोलीस वाकून विचारतो,
फोर व्हील आहे ना?
आहे, म्हणतो, आणि मागे शेकोटी आहे.
तो हसतो. माझ्या अरबीत शेकोटीची
बहुतेक चूल झाली असावी.

सैकला पोचेपर्यंत कानांत दडे.
जानेवारी. डाळिंबं नागडी उभी,
टाकीच्या नळाखाली बर्फाचा एक दात.
सालिम बिन खल्फान दारातच,
हातात मस्कतच्या दुकानाचं रंगीत पुस्तक:
ही हवी. काचेची, भिंतभर.
आणि धुराडं लागतच नाही म्हणाला दुकानदार.

मी टेप काढतो. चौदा बाय सोळा.
खिडक्या दोन, दुहेरी काचेच्या,
रबर लावून मुंगीलासुद्धा बंद.
एवढ्या खोलीला भिंतभर आग म्हणजे
दोन माणसांना लग्नाचं तपेलं.
निम्मी पुरे. आणि पाइप बाहेर जाणार,
नाहीतर मी पाना उचलत नाही.

तो म्हणतो, भिंत नवीन आहे.
मी म्हणतो, असू दे.

गॅसला स्वतःचा वास नसतो, सालिमभाई.
तो मुद्दाम घालतात, सडक्या कांद्यासारखा,
चुगली करायला.
पण जळताना हवा कमी पडली की जे तयार होतं
त्याला कुणीच वास दिलेला नाही.
त्यानं खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत.
ते डोकं मांडीवर घेतं आणि थोपटतं.

एवढं मोडकंतोडकं सांगितलं.
यशवंत तांडेलचं नाही सांगितलं.

हैमाच्या कॅम्पात, एकवीस वर्षं झाली,
पत्र्याच्या केबिनमध्ये आम्ही चौघं.
यशवंतनं तेलाच्या डब्यात निखारे आणले,
लालबुंद, धूर नसलेले.
धूर नाही म्हणजे भीती नाही, हे आमचं गणित.
दाराखाली टॉवेल त्यानंच कोंबला.
अल्लानं तुला लघवीला उठवलं, अम्मा अजून म्हणते.
उठलो, कोसळलो, कोसळताना कडी निघाली.
दोघं ओकले, वाचले.
रेवदंड्याच्या तांडेलाचा पोर,
बोट ओलं करून वाऱ्याची जात सांगणारा,
वाऱ्यावाचून गेला.
गाल गुलाबी होते.
उन्हातून नुकता घरात आल्यासारखे.

दुपारी भिंतीला भोक पडलं.
सिलिंडर बाहेर, मोकळ्यावर. खड्ड्यात नाही,
हा गॅस जड, पाण्यासारखा सखल जागा शोधतो.
दोन हजार मीटरवर हवा पातळ, म्हणून जेट बदलला.
मग सांध्यासांध्याला साबणाचा फेस.
सालिमची धाकटी, शम्सा, शेजारी उकिडवी.
फुगा आला की ओरड, म्हटलं.
तिसऱ्या सांध्याला ओरडली.
अर्धा आटा. पुन्हा फेस.
फुगा आला नाही.
तिचा चेहरा पडला.

ज्योत पेटली. बुडाशी निळी, शेंड्याला पिवळसर,
काचेवर काजळी नाही.
सालिमची आई आतून आली, हात शेकले,
वाकून खाली पाहिलं. याची राख कुठे पडते?
पडत नाही, म्हटलं.
मग डाळिंबाच्या मुळाशी मी काय घालू?
या प्रश्नाला माझ्या पेटीत
पार्ट नव्हता.

निघताना अलार्मचं बटण दाबून दाखवलं.
शम्सानं कान झाकले.
हा ओरडला की आधी बाहेर, चप्पल नंतर,
मला म्हणून दाखव.
तिनं म्हणून दाखवलं. तिच्या बापानंही.
भोकाचे वेगळे किती, त्यानं विचारलं.
खजूर घेतले थोडे.

रात्री निझव्याच्या खोलीवर हीटरसुद्धा नाही,
कोळशाचा तर प्रश्नच नाही.
तरी खिडकी मी बोटभर उघडी ठेवतो.
सोबती थॉमाचन कुरकुरतो, उठून लावून घेतो.
तो घोरायला लागला की
मी पुन्हा उघडतो.
त्याला वाटतं, मला उकडतं.